डिस्क भरली? आधी बघा, कागद कुणाचे आहेत

जुलैचा शेवटचा आठवडा. अहमदपूरच्या शिवारात सोयाबीन वीतभर आलेलं असतं आणि गावातल्या सेवा केंद्रांसमोर पीक विम्याची रांग लागलेली असते. सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक, पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र असे कागद हातात धरून माणसं सकाळपासून उभी असतात. नेमक्या त्या गर्दीत प्रिंटर थांबतो. दुकानदार केबल काढून पुन्हा लावतो, टोनर हलवून बघतो, प्रिंटर बंद-चालू करतो आणि शेवटी मला फोन करतो. जाऊन बघावं तर बऱ्याचदा प्रिंटरला काहीच झालेलं नसतं. सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असतो. छापायला दिलेलं प्रत्येक पान विंडोज आधी सी ड्राइव्हवर तात्पुरतं लिहून ठेवतं आणि मग प्रिंटरकडं पाठवतं. लिहायला जागाच नसेल, तर पान निघणार कुठून?

वीसेक वर्षं मी या भागात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. भरलेली डिस्क हा आजार मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलाय आणि त्यावर घाईघाईत केलेले उपाय आजारापेक्षा वाईट ठरलेलेही पाहिलेत. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. सेवा केंद्रवाले, फोटो स्टुडिओवाले, लग्नपत्रिका छापणारे, आणि घरी एकच कॉम्प्युटर असलेली कुटुंबं, सगळ्यांना यातलं काही ना काही लागेल.

'धिस पीसी' उघडलं की प्रत्येक ड्राइव्हखाली एक पट्टी दिसते. मोकळी जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली की ती निळ्याची लाल होते. लाल झाली म्हणजे मशीन लगेच बंद पडत नाही, पण तिथून पुढं रोज काहीतरी अडतं. अपडेट अर्धवट राहतं, ब्राउझरमधलं डाउनलोड शेवटच्या क्षणी फसतं, दोन-तीन प्रोग्रॅम एकदम उघडले की सगळं गोठतं. मेमरी कमी पडली की विंडोज डिस्कचाच एक कोपरा मेमरीसारखा वापरतं आणि तो कोपराही आता भरलेला असतो. एसएसडी असेल तर ती भरत आली की लिहिण्याचा वेगही मंदावतो. तिला नवं लिहिण्यासाठी आतल्या आत हलवाहलव करायला रिकामी जागा लागते. माझ्या हिशेबात सी ड्राइव्हचा पंधरा टक्के भाग कायम रिकामा हवा.

एक शंका बरेच जण काढतात, तीही इथंच मिटवतो. १ टीबीची डिस्क विकत घेतली आणि कॉम्प्युटर ९३१ जीबीच दाखवतो, दुकानदारानं फसवलं का? नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत. म्हणून ५०० जीबीची ४६५ दिसते आणि २५६ ची २३८. तेवढी जागा कुणी खाल्लेली नाही, फक्त माप वेगळं आहे.

आता कामाला लागू. रांग दारात उभी असेल तर आधी पंधरा मिनिटांचा इलाज करा. रिसायकल बिन रिकामं करा, पण त्याआधी उघडून एक नजर टाका. आपण 'डिलीट' केलेलं सगळं तिथंच पडलेलं असतं आणि ते रिकामं होईपर्यंत एक केबीसुद्धा जागा सुटत नाही. मग सर्चमध्ये डिस्क क्लीनअप शोधा, सी ड्राइव्ह निवडा आणि 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' हे बटण दाबा. खरा माल त्या बटणामागं असतो. अपडेटचे जुने तुकडे आणि विंडोजची आधीची आवृत्ती तिथं सापडते. विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. त्या सुमारास ज्यांनी ११ घेतलं, त्यांच्याकडं जुनी विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरमध्ये दहा दिवस तशीच राहिली असेल. मागं फिरावंसं वाटलं तर फिरता यावं, यासाठी ती सोय असते. अशी मोठी आवृत्ती पुन्हा कधी बदललीत, तर नवीन विंडोजवर सगळं काम नीट चालतंय, प्रिंटर आणि बोटाचा ठसा घेणारं यंत्र चालतंय, याची खात्री झाल्यावरच ते फोल्डर काढा. काढल्यावर मागं जाता येत नाही.

विंडोज की आणि आर एकदम दाबा. येणाऱ्या चौकटीत टक्क्याची खूण, इंग्रजीत टेम्प, पुन्हा टक्क्याची खूण असं टाइप करून एंटर मारा. उघडलेल्या फोल्डरमधलं सगळं काढून टाकायला हरकत नाही. चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या फाइल्स निघणार नाहीत, त्या सोडून द्या. 'सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज' इथल्या तात्पुरत्या फाइल्सच्या यादीत मात्र 'डाउनलोड्स' असं नाव दिसलं तर त्यावर टिक करू नका. ते फोल्डर तात्पुरतं नाही. तुमच्या अर्ध्या धंद्याचे कागद त्यात असतात.

आणखी एक मोठा धोंडा सहसा दिसत नाही. हायबरनेटसाठी विंडोज मेमरीच्या साधारण ४० टक्के आकाराची एक लपलेली फाइल सी ड्राइव्हवर राखून ठेवतं. ८ जीबी रॅमच्या मशीनवर ती तीन जीबीच्या वर जाते. डेस्कटॉप असेल आणि हायबरनेट कधीच वापरत नसाल, तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. इंग्रजी अक्षरांत पी, ओ, डब्ल्यू, ई, आर, सी, एफ, जी सलग लिहा, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि एच, पुन्हा एक जागा सोडून ऑफ, मग एंटर. फाइल लगेच नाहीशी होते. मशीन सुरू व्हायला थोडा जास्त वेळ घेईल, इतकंच. लॅपटॉपवर हे करू नका. लाइट गेली आणि बॅटरी संपत आली की अर्धवट काम वाचवणारी हीच सोय असते, आणि आपल्याकडं लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही.

सिस्टिमच्या फोल्डरमध्ये हात घालून मोठं दिसेल ते काढणारी मंडळीही भेटतात. 'विनएसएक्सएस' नावाचं भलं मोठं फोल्डर त्यांना खुपतं. त्याला हात लावू नका. तिथल्या बऱ्याच फाइल्स दोनदा मोजल्या जातात, त्यामुळं ते दिसतं तेवढं मोठं नसतं आणि हातानं काढलं तर विंडोज मोडतं.

इथवरच्या उपायांनी पाच-दहा जीबी सुटतील, कधी वीस. रांग पुढं सरकेल. पण महिन्याभरात पट्टी पुन्हा लाल होते, कारण भरण्याचं मूळ दुसरीकडं असतं. ते कुठं आहे हे अंदाजानं ठरवू नका. 'विनडिरस्टॅट' किंवा 'विझट्री' हे छोटे प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरनं किती जागा घेतली ते चित्रासारखं दाखवतात. घरच्या वापराला दोन्ही फुकट मिळतात. सेवा केंद्राच्या मशीनवर हे चित्र काढलं की मला बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते. डाउनलोड्स, डेस्कटॉप आणि स्कॅनचं फोल्डर. आणि त्यात दुकानदाराचं स्वतःचं जवळपास काहीच नाही.

२०२४ च्या जुलैमध्ये तर हे फार ठळक दिसलं. लाडकी बहीण योजनेचे अर्ज १ जुलैला सुरू झाले आणि पीक विम्याचा हंगामही त्याच वेळी, तोही एक रुपयात. एकाच दुकानात सासू-सुना आणि शेतकरी, दोन रांगा. आधार, रेशन कार्ड, पासबुक, हमीपत्र, फोटो. दिवसाला शे-शंभर माणसांचे कागद आत गेले. अर्ज भरले गेले, पैसेही आले. कागद तिथंच राहिले. आजही कित्येक मशीनवर 'नवीन फोल्डर ३७' अशा नावानं ते पडून आहेत.

दुकानदाराला दोष देण्याआधी कारण समजून घ्यायला हवं. पुढच्या वर्षी तीच मावशी येते आणि म्हणते, "बघा की दादा, मागच्या साली दिलेलं असंल की तुमच्या कॉम्प्युटरात." ती वाडीवरून जीप पकडून आलेली असते, पासबुक घरी राहिलेलं असतं. जुना स्कॅन सापडला तर तिची एक फेरी वाचते. म्हणजे डिस्क भरते ती माणुसकीतून. मला याची किंमत कळते. तरीही ही पद्धत सोडायला हवी, असं माझं ठाम मत आहे. त्या एका फोल्डरमध्ये आधार क्रमांक, खातं क्रमांक, सही, फोटो आणि मोबाइल नंबर एकत्र असतात. दुकानात पाच जणांचा वावर असतो, मशीन दुरुस्तीला बाहेर जातं, पेन ड्राइव्ह कुणाचीही लागते. डाउनलोड केलेल्या ई-आधारला पासवर्ड असतो, पण तो नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष इतकाच असतो, आणि जन्मतारीख शेजारच्याच फाइलमध्ये असते. संसदेनं २०२३ मध्ये केलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं सूत्रही असंच आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली, ते काम संपलं की ती ठेवायची नाही.

मग मावशीच्या फेरीचं काय? अर्ज भरून झाला की ती समोर बसलेली असतानाच तिचे सगळे कागद एका पीडीएफमध्ये जोडा आणि तिच्याच, नाहीतर तिच्या मुलाच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. फाइलला नाव देताना "आईचे कागद" असं साधं, त्यांना कळेल असं द्या. पाठवलेली फाइल त्यांच्या फोनवर उघडून दाखवा. ज्यांना जमतं त्यांना डिजिलॉकरचं खातं काढून द्या. ही सरकारी सोय २०१५ पासून आहे आणि त्यात थेट खात्याकडून आलेला दाखला मूळ कागदाइतकाच ग्राह्य धरला जातो. मग पोचपावतीची प्रत तेवढी ठेवा, बाकी काढून टाका. अर्ज त्रुटीत परत येण्याची भीती असते, ती खरी आहे. त्यासाठी महिन्याच्या नावाचं फोल्डर करा, जुलै, ऑगस्ट असं, आणि अर्ज मंजूर झाल्याचं दिसलं की त्यातला त्या माणसाचा भाग काढा. तीन महिन्यांपूर्वीचं फोल्डर उघडून बघण्यासाठी महिन्यातून एक दुपार ठरवून ठेवा.

हे करताना लक्षात येईल की एकाच कागदाच्या तीन-तीन प्रती आहेत. एक स्कॅनरनं काढलेली, एक पीडीएफ केलेली, एक पोर्टलला चालेल इतकी लहान केलेली. शिवाय व्हॉट्सॲप वेबवरून तीच फाइल पुन्हा उतरवली की नावापुढं कंसात एक, दोन, तीन लागत जातात. डाउनलोड्स फोल्डर नावानुसार लावलंत की ही भावंडं एका ओळीत येतात.

स्कॅनरकडंही जरा बघा, जागा तिथं वाया जाते. ए-फोर कागद ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन केला आणि बीएमपी म्हणून साठवला, तर एकच पान साधारण २६ एमबीचं होतं. पाच कागदांचे १३० एमबी. असे दोनशे अर्ज झाले की २६ जीबी गेले. तेच पान जेपीईजी किंवा पीडीएफ म्हणून साठवलं तर बहुधा एखाद्या एमबीत बसतं, आणि पोर्टलला शेवटी काहीशे केबीचीच फाइल हवी असते. स्कॅनरच्या प्रोग्रॅममध्ये जाऊन प्रकार बदला आणि रेझोल्यूशन २०० करा. आधार, पासबुक, सातबारा त्यात स्वच्छ वाचता येतात. जुना, फिकट झालेला टीसी किंवा मोडी-उर्दूतला निजामाच्या काळचा जमिनीचा कागद असेल तर तेवढा ३०० ला, रंगीतच घ्या. तिथं जागेची कंजुषी करू नका.

त्याच ठिकाणी स्कॅन साठवण्याची जागाही बदला. आपल्याकडं हल्ली बऱ्याच मशीनमध्ये विंडोजसाठी छोटी एसएसडी आणि जुनी मोठी हार्ड डिस्क डी म्हणून बसवलेली असते. सी गच्च, डी ओस. कारण स्कॅनर, ब्राउझर, डेस्कटॉप सगळे आपापला माल न विचारता सी मध्येच टाकतात. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल डोळ्यांसमोर दिसते, पण ती असते सी ड्राइव्हवर. डी मध्ये 'डाउनलोड्स' नावाचं नवं फोल्डर करा. मग सी मधल्या डाउनलोड्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह, आणि ते नवं फोल्डर दाखवा. डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्सचंही असंच. नवं फोल्डर न करता थेट डी ड्राइव्हच दाखवला, तर विंडोज सगळ्या डी लाच डाउनलोड्स समजतं आणि तो गुंता सोडवताना घाम फुटतो.

नीटच्या तयारीतल्या मुलांच्या घरी लेक्चरच्या व्हिडिओंनी डिस्क भरते. परीक्षा झाली, प्रवेश झाला की ते काढा. नोट्सच्या पीडीएफ राहू द्या, त्या फार जागा घेत नाहीत आणि धाकट्या भावंडाला लागतात.

फोटो स्टुडिओचं दुखणं वेगळं. १०० एमबीपीएसवर फोर-के चित्रीकरण केलं तर तासाला ४५ जीबी लागतात. दोन कॅमेरे, हळद, लग्न, रिसेप्शन. एका लग्नाला चार-पाचशे जीबी सहज जातात. इथं डिस्क साफ करून भागणार नाही, बाहेरची डिस्क घ्यावीच लागेल. पण पत्रिका छापणाऱ्यांनी मात्र घाबरून जुन्या फाइल्स काढू नयेत. पेजमेकर आणि श्रीलिपीत केलेल्या वीस वर्षांच्या पत्रिका, मानपत्रं, स्मरणिका मिळूनसुद्धा एका लग्नाच्या चित्रीकरणाएवढी जागा खात नाहीत. त्या फॉन्टसह जपून ठेवा, नाहीतर उद्या फाइल उघडेल आणि मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसतील.

स्टुडिओच्या डिस्कवर आणखी एक गोष्ट असते, ती मला फार मोलाची वाटते. अहमदपूरचे राष्ट्रसंत डॉ. शिवलिंग शिवाचार्य महाराज सप्टेंबर २०२० मध्ये गेले. त्यांचं वय शंभरीपलीकडचं होतं. त्यांच्या हस्ते झालेला एखादा कार्यक्रम, आशीर्वचनाची पाच मिनिटं कुणाच्या जुन्या हार्ड डिस्कवर 'शूट २' नावाच्या फोल्डरमध्ये असू शकतात. गावातल्या शाळेचं स्नेहसंमेलन, मोडून टाकलेला जुना वाडा, आता हयात नसलेल्या आजोबांचा आवाजही असाच कुठंतरी असेल. हे पुन्हा चित्रित होत नाही. म्हणून फोल्डर काढण्याआधी आतल्या दोन-चार फाइल्स उघडून बघाच.

आणि ज्याची दुसरी प्रत नाही, ते आधी दोन ठिकाणी उतरवा, मगच मूळ काढा. उतरवताना कट-पेस्ट करू नका, कॉपी करा. मध्येच लाइट गेली तर कट केलेलं काय इथं राहिलं आणि काय तिथं गेलं, हे शोधत बसावं लागतं. प्रत पूर्ण झाली की बाहेरची डिस्क काढून पुन्हा लावा आणि पहिली, मधली आणि शेवटची फाइल तिच्यावरून उघडून बघा. हे मी एका स्टुडिओवाल्याच्या नुकसानीतून शिकलो. त्यानं स्वस्तात मिळालेल्या २ टीबीच्या पेन ड्राइव्हवर एक अख्खं लग्न उतरवलं, नावं सगळी दिसली, आणि मूळ काढून टाकलं. त्या पेन ड्राइव्हची खरी क्षमता ३२ जीबीच होती. आतली चिप खोटी क्षमता सांगते, जागा संपली की जुन्यावरच नवं लिहिते किंवा काहीच लिहीत नाही, पण फाइलींची यादी मात्र दाखवत राहते. मुलीच्या वडिलांना ते सांगायला आम्ही दोघं गेलो होतो. तेव्हापासून शेवटची फाइल उघडून बघितल्याशिवाय मी कुणाला 'डिलीट' दाबू देत नाही. जागा असूनही ४ जीबीहून मोठी फाइल पेन ड्राइव्हवर जात नसेल तर ती पेन ड्राइव्ह बहुधा फॅट-३२ मध्ये आहे. ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, आतलं सगळं आधी दुसरीकडं काढून.

चुकून काही उडालंच, तर पहिली गोष्ट म्हणजे थांबा. रिसायकल बिन बघा. पेन ड्राइव्हवरून काढलेलं तिथं सहसा येत नाही, हेही ध्यानात ठेवा. बिनमध्ये नसेल तर त्या ड्राइव्हवर एकही नवी फाइल लिहू नका, फाइल परत आणणारा प्रोग्रॅमसुद्धा तिथं उतरवू नका. हार्ड डिस्कवर काढलेली फाइल लगेच पुसली जात नाही, फक्त ती जागा रिकामी समजली जाते. तिच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं नाही तोवर आशा असते. मशीन बंद करून डिस्क जाणकाराकडं न्या. एसएसडीवर ही आशा फार कमी, ती काढलेली जागा स्वतःच आतून पुसत जाते. डिस्कमधून खटखट आवाज येत असेल तर घरी प्रयोग करू नका. तिचं काम पुण्या-हैदराबादकडच्या धूळमुक्त खोलीतच होतं आणि खर्चही मोठा येतो.

शेवटी जुन्या डिस्कचं. नवी एसएसडी बसवली की जुनी ड्रॉवरमध्ये पडून राहते, नाहीतर कुणीतरी दोन-तीनशेला घेऊन जातं. तिच्यावर हजारो माणसांचे आधार असतात, वरवर रिकामी दिसली तरी. देण्याआधी ती दुसऱ्या मशीनला जोडा, ड्राइव्हचं अक्षर दोनदा तपासा, राइट क्लिक करून फॉरमॅट निवडा आणि 'क्विक फॉरमॅट' पुढची टिक काढा. मग विंडोज त्या ड्राइव्हच्या प्रत्येक जागेवर शून्य लिहीत जातं. डिस्कचे दोन-तीन भाग केलेले असतील तर प्रत्येक भागाला हेच करा. ५०० जीबीला काही तास लागतात. दुकान बंद करताना लावून जा, यूपीएसवर, आणि सकाळी येऊन पूर्ण झालं का ते बघा.